ग्रे, जिम

ग्रे, जेम्स निकोलस ऊर्फ जिम : (१२ जानेवारी १९४४ – बेपत्ता २८ जानेवारी २००७). अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ. डेटाबेसमधील ट्रॅन्झॅक्शनच्या (सगळे बदल एकत्र कायम व्हावेत किंवा एकही होऊ नये, अशा व्यवहाराच्या) संकल्पनेला पक्की बैठक देणारे अभियंते आणि १९९८ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. जन्म सॅन फ्रान्सिस्को येथे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६९ मध्ये पीएच.डी.; संगणकशास्त्रात त्या विद्यापीठाने दिलेली ही पहिलीच.

सत्तरच्या दशकात सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ हा रिलेशनल डेटाबेस आकाराला येत होता. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेचा उगम याच प्रकल्पातला. ग्रे यांच्याकडचा भाग मात्र कमी झगमगाटाचा होता : एकाच नोंदीला अनेकांनी एकदम हात घातला तर कुलपे कशी लावायची आणि मशीन मध्येच बंद पडले तर हिशेब कसा सावरायचा. एका संगणकाने खात्यातून पैसे वजा केले आणि ते जमा करण्याआधीच दुसरा कोसळला, तर? १९७८ च्या टिपणांत त्यांनी यावरील ‘टू-फेज कमिट’ ही पद्धत सविस्तर मांडली. समन्वयक आधी प्रत्येकाला ‘तयार आहात का?’ असे विचारतो. सर्वांचा होकार आला तरच बदल कायम होतो, एकाचाही नकार आला तर सगळेच रद्द. दुखणे एवढेच, की होकार घेऊन समन्वयकच गप्प झाला तर बाकीचे कुलपे लावून ताटकळत बसतात. वितरित डेटाबेसवर काम करणाऱ्यांचा या दुखण्याशी आजही सामना होतो.

१९८० मध्ये ते टँडेम कंपनीत गेले. एक प्रोसेसर बंद पडताच दुसऱ्याने काम उचलावे, अशी तिथली यंत्रे. १९८५ मध्ये त्यांनी ग्राहकांकडची यंत्रे नेमकी कशामुळे बंद पडतात हे तपासले. यंत्रसामग्रीचा दोष जेमतेम १८ टक्के निघाला, सॉफ्टवेअरचा २५. सर्वांत मोठा वाटा, ४२ टक्के, देखभाल आणि हाताळणीचा होता. बरेचसे सॉफ्टवेअर-दोष क्षणिक असतात आणि तेच काम पुन्हा केले की गायब होतात, हेही त्यांनी दाखवले. त्यांच्या लेखनातला हा सर्वांत वाचनीय अहवाल म्हणावा लागेल. ट्रॅन्झॅक्शनचा वेग मोजण्याची सामाईक कसोटी सुचवणारा त्याच वर्षीचा लेख त्यांनी व सहकाऱ्यांनी निनावी छापला. ट्रॅन्झॅक्शनचा वेग मोजणाऱ्या टीपीसी या प्रमाण कसोट्यांचे मूळ तिथे आहे.

डिजिटल कंपनीतील काही वर्षांनंतर १९९५ पासून ते मायक्रोसॉफ्टमध्ये होते. सर्व ठिकाणच्या प्रतींवर एकदम लिहू दिल्यास संगणक दहापट होताच परस्पर अडवणुकी (डेडलॉक) हजारपट होतात, हे त्यांनी १९९६ च्या निबंधात गणिताने मांडले. प्रती वाढवल्या की भार हलका होतो, या भाबड्या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला. १९९८ मध्ये उपग्रह व हवाई छायाचित्रांचा ‘टेरासर्व्हर’ इंटरनेटवर खुला झाला. पुढे खगोलशास्त्रज्ञ अलेक्झांडर सालाय यांच्यासोबत त्यांनी स्लोन आकाश-सर्वेक्षणाची माहिती ‘स्कायसर्व्हर’वर आणली. अँड्रियास रॉयटर यांच्यासह लिहिलेला ‘ट्रॅन्झॅक्शन प्रोसेसिंग’ हा त्यांचा ग्रंथ या विषयात प्रमाण मानला जातो.

जानेवारी २००७ मध्ये आईच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी ते ‘टेनेशस’ या शिडाच्या बोटीतून फॅरेलन बेटांकडे एकटेच निघाले आणि परतले नाहीत. तटरक्षक दलाचा शोध थांबल्यावर सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांचे तुकडे करून इंटरनेटवरून हजारो लोकांकडून ते तपासून घेतले. बोटीचा मागमूस लागला नाही. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना कायदेशीररीत्या मृत घोषित केले.