वाशिष्ठी : भरतीवर जगलेली नदी

उल्हास, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी... कोकणातल्या नद्या आपण सगळ्यांनी उत्तरेकडून दक्षिणेकडे पाठ केल्या. 'लांबीने कमी, वेगाने वाहणाऱ्या, सह्याद्रीत उगम' एवढं लिहिलं की गुण मिळायचे. रत्नागिरीकर म्हणून आपल्याला काजळी जवळची. पण जिल्ह्याचा इतिहास वाचू लागल्यावर मला गुंतवून ठेवलं ते वाशिष्ठीने.

जेमतेम ७० किलोमीटरची ही नदी. चिपळूणवरून येते, वाटेत खेडकडची जगबुडी तिला मिळते आणि दाभोळपाशी ती समुद्राला मिळते. उत्तर तीरावर दाभोळ, दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड. बहमनी काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. अरबस्तानातले घोडे इथे उतरत. व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितिन बिदरपर्यंत हिंडून १४७१-७२ च्या सुमारास होर्मुझला जाण्यासाठी जहाजात चढला, तो इथेच. (१९५७ चा 'परदेसी' हा चित्रपट त्याच्यावरच आहे.) पुढे चौलच्या लढाईत मुलगा मारला गेल्याच्या सुडाने पेटलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने डिसेंबर १५०८ च्या अखेरीस दाभोळ बेचिराख केलं. १६६० मध्ये शिवाजी महाराजांनी ते जिंकलं.

बंदर मुखाशी असलं तरी व्यापार आत चिपळूणपर्यंत चाले. भरतीचं पाणी गोविंदगडाखालच्या गोवळकोट धक्क्यापर्यंत चढतं. भरती साधून गलबतं वर येत, माल उतरे आणि बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली घाटाने कराडकडे जाई. घाटाचा पायथा आणि भरतीची हद्द जिथे जवळ आली, तिथे चिपळूणची बाजारपेठ वाढली.

त्या भरतीचीच आज धास्ती वाटते. डोंगर उघडे पडले, मुसळधार पावसाने माती खाली आणली, पात्र उथळ झालं. १९६२ पासून कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून याच खोऱ्यात येतं. लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी मंजूर केलं आहे. एरवी ते कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. अतिवृष्टी आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पुराला समुद्राकडे जायला वाट उरत नाही, ते बाजारपेठेत पसरतं. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या तारखा चिपळूणकर विसरणार नाहीत. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकंही दोन्ही पुरांत भिजली. २०२१ नंतर नागरिकांनी आंदोलन केलं, तेव्हा कुठे गाळ उपसायला वेग आला.

नदी मात्र अजून जिवंत आहे. खाडीत कांदळवन आहे, चिखलाच्या काठांवर मगरी उन्हं खात पडलेल्या असतात. गाळ काढणं गरजेचं आहेच, पण वरच्या उतारांवर झाडं टिकली नाहीत तर तो दर पावसाळ्यात पुन्हा येणार. पाचशे वर्षं बंदराला पोसणाऱ्या नदीची काळजी पूर आल्यावरच घ्यायची, हे मला पटत नाही.

आपल्यापैकी बरेचजण आता पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आहेत. पुढच्या सुट्टीत गुहागरकडे गेलात, तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीने खाडी जरूर ओलांडा. प्रवास काही मिनिटांचाच आहे. मुलं बरोबर असतील, तर निकितिनची गोष्ट त्यांना तिथेच सांगा.