ओढ्यातील माशांचा आहार (माणगाव परिसर)

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून माणगाव तालुक्यात उतरणारे ओढे, पऱ्हे आणि त्यांना पोटात घेणाऱ्या काळ, गोद या नद्या यांतले मासे काय, कुठे आणि केव्हा खातात, हा या नोंदीचा विषय. पाठ्यपुस्तके माशांची वाटणी शाकाहारी, मांसाहारी आणि मिश्राहारी अशी करतात. ती वाटणी इथे फारशी उपयोगी पडत नाही. तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ एकत्र वाढवणारा मत्स्यशेतकरीसुद्धा खरे तर थर पाहतो: कटला वर चरतो, रोहू मध्ये, मृगळ तळाशी. कोकणच्या ओढ्यात थराच्या जोडीला ऋतू येतो. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑगस्टमध्ये जो ओढा ओलांडता येत नाही, त्याचे एप्रिलमध्ये सुटे सुटे कोंड उरतात. अशा पाण्यात मासा अन्न कुठून उचलतो हे त्याच्या तोंडावरून कळते. काय उचलतो हे महिन्यावर अवलंबून असते.

मळ्या हा याचा सगळ्यांत बोलका पुरावा. डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने केली तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावे शास्त्रीय नावांत तशीच बसवली. म्हणून हा मासा आज जगभर ‘गारा मुल्या’ आहे. नकटा आणि कोळस यांच्या वाट्यालाही तोच मान आला. बोटभर लांबीचा मळ्या धारेतल्या दगडाला पोटाकडून चिकटून असतो. तोंड खालच्या बाजूला, हनुवटीवर मांसल गोल गादी, वरचा ओठ झालरीसारखा कातरलेला. गादीने दगड धरायचा आणि जबड्याच्या टणक कडेने वरची तपकिरी बुळबुळीत साय खरवडायची, हा त्याचा उद्योग. त्यामुळे याद्यांत तो शेवाळखाऊ ठरतो. पण साय म्हणजे नुसते शेवाळ नव्हे. सिलिकाच्या डबीत बसलेले डायाटम, बुरशीचे धागे, जिवाणू, कीटकांच्या बारीक अळ्या आणि वाळूचे कण तिच्यात एकत्र थापलेले असतात, आणि खरवडणाऱ्याला निवडून खाण्याची सोय नसते. ऑक्टोबरात पाणी निवळते, ऊन तळापर्यंत पोचते आणि साय जाड होते. जुलैच्या लोंढ्यात गोटे एकमेकांवर घासून तीच धुऊन निघते. मग काठाच्या संथ पाण्यात साचलेल्या कुजक्या पाचोळ्याच्या गाळावर भागवावे लागते. याचा एक भाऊबंद, गारा रूफा, तुर्कस्तानात कांगाल येथील गरम झऱ्यांत राहतो. सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या त्या पाण्यात खाद्य तुटपुंजे, म्हणून तो आंघोळीला उतरलेल्या माणसांची सुटलेली कातडी खरवडतो. मॉलमधल्या हौदांत पैसे मोजून पाय बुडवून बसण्याची फॅशन त्याच्याच जिवावर निघाली. खरवडणाऱ्या तोंडाला दगड काय आणि टाच काय!

यावर पहिला आक्षेप आतड्याचा येतो, आणि तो वजनदार आहे. मळ्याचे पोट फाडले तर घड्याळाच्या कमानीसारखे वेटोळे घातलेले, शरीराच्या कैक पट लांब आतडे दिसते. मरळीचे आतडे तिच्या शरीराहून आखूड असते. मग शाकाहारी-मांसाहारी हा भेद निसर्गानेच केलेला नाही का? भेद आहे, पण तो अन्नाच्या कसाचा. लांब आतडे एवढेच सांगते की माशाला निकस, गाळमिश्रित खाद्य भरपूर गिळून त्यातून थोडे सत्त्व काढावे लागते. ते निकस खाद्य शेवाळाचे की कुजक्या पानांचे, हे आतड्याच्या लांबीवरून कळत नाही. शिवाय मळ्या, खवल, महसीर हे सारे कार्प कुळातले. त्यांना जठर नसते आणि जबड्यात दातही नसतात. दात असतात ते घशात. पोटात साठा करण्याची सोय नसल्याने थोडे थोडे, सतत आणि मिळेल ते खाणे त्यांना भागच पडते.

दुसरा आक्षेप असा की पोटात सापडलेले अन्न मोजले की वाद मिटतो. मिटत नाही. मुंगीचे डोके किंवा अळीचे कठीण कवच तासन्‌तास टिकते, मऊ गांडूळ लवकर विरघळून जाते. डायाटमची डबी तर आतले सत्त्व शोषले गेले तरी शाबूत राहते, आणि काही डायाटम न पचता जिवंतच बाहेर पडतात. म्हणजे जे टिकते ते मोजणीत फुगते. त्यात पुराच्या पाण्यात जाळे नीट लावता येत नाही. अशा मोजणीतून निघालेला ‘वार्षिक आहार’ बहुधा आठ महिन्यांचाच असतो.

वरच्या थराची गोष्ट वेगळी. दांडवण आणि डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेला ‘अप्लोकाइलस’ यांचे लक्ष पृष्ठभागाकडे; पाण्यावर पडलेली मुंगी, नाकतोडा, डासाची अळी हे त्यांचे रोजचे खाणे. पहिल्या पावसात वाळवीचे पंखवाले किडे उठतात तेव्हा एका संध्याकाळीत त्यांची चंगळ होते. काठावर उंबर असेल तर तळाजवळ राहणारा महसीरही पडत्या फळासाठी वर येतो. एरवी तो गोगलगाई, खेकडे, किडे, शेवाळ यांवर जगतो. सावित्रीच्या खोऱ्यात, महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत देवाचे म्हणून राखलेले महसीर भाविकांच्या कुरमुऱ्यांवर झेपावतात. हे माणसाने लावलेले वळण, त्यावरून नैसर्गिक आहार कसा ठरवणार, असे कोणी म्हणेल. कुरमुरे कृत्रिम आहेत, हे मान्य. पण वरून टपकलेली वस्तू आधी तोंडात घ्यायची आणि मग घशातल्या दातांनी पारखायची, ही सवय उंबराखालचीच आहे. उलट ज्याला आपण एकाच कामाचा मासा समजतो तो तसा निघत नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून १९२८ मध्ये भारतात आणलेला गॅम्बुशिया देशी माशांची अंडी आणि पिल्लेही तितक्याच आवडीने खातो.

पावसाळ्याच्या तोंडावर खाचरांकडे चढणारे वलगणीचे मासे चरायला येतात, असा एक समज आहे. ते येतात अंडी घालायला. बुट्टीत पडलेल्या माद्यांचे पोट गाभोळीने इतके तट्ट असते की आतडे एका कडेला दाबलेले दिसते. जूनमधल्या रिकाम्या आतड्यावरून ओढ्यात अन्न नव्हते असे म्हणता येत नाही. चरायचे ते पिल्लांनी: खाचरातल्या कोमट, उथळ पाण्यात सूक्ष्मजीव मुबलक असतात. मरळीची लालसर पिल्ले थव्याने हेच टिपतात, पुढे किड्यांवर येतात आणि मोठेपणी मासे आणि बेडूक गिळतात. म्हणजे एकाच जन्मात तीन आहार.

शेजारच्या कुंडलिकेत ऋतूचे हे गणितच बदललेले आहे. १९२७ पासून चालू असलेल्या भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारे पाणी तिला उन्हाळ्यातही वाहते ठेवते. पण वीजनिर्मितीप्रमाणे ते चढते आणि उतरते. पाणी उतरले की काठाचे दगड उघडे पडून त्यांवरची साय उन्हात वाळते. मे महिन्यात कोंडीत अडकलेला मळ्या आणि कुंडलिकेच्या धारेतला मळ्या एकच जात असूनही एकच जेवण जेवतात असे धरता येत नाही. दोघांची नोंद वेगळी करावी लागते, आणि तीही तारखेसकट.