ट्रकी सरोवराकाठचा हिवाळा

बीव्हर या जलचर प्राण्याच्या केसांपासून युरोपात टोप्या बनत. त्या टोप्यांपायी सापळेवाल्या शिकाऱ्यांनी पश्चिम अमेरिकेचे डोंगर पायाखाली घातले. पुढे रेशमी टोपीची टूम निघाली, बीव्हरही विरळ झाले, आणि १८४० साली ग्रीन नदीच्या खोऱ्यात या शिकाऱ्यांचा शेवटचा वार्षिक मेळा भरला. धंदा बसला, पण त्याची हत्यारे उरली. त्या हत्यारांनी एका पोरक्या मुलाला कसे तारले, ते आज आपण पाहू.

१८४४ साली सुमारे ५० माणसांचा तांडा बैलगाड्या घेऊन कॅलिफोर्नियाकडे निघाला. त्यात मोझेस शालेनबर्गर हा १७ वर्षांचा मुलगा होता. आईबाप लहानपणीच गेलेले. थोरली बहीण आणि तिचे यजमान डॉ. जॉन टाउनसेंड यांनी त्याला वाढविले होते. सिएरा नेवाडाच्या घाटाखाली बर्फाने गाठले, तेव्हा सहा गाड्या ट्रकी सरोवराकाठी सोडाव्या लागल्या. मालाच्या राखणीस मोझेस आणि त्याचे दोन मित्र राहिले. त्यांनी ओंडक्यांची १२ फूट बाय १४ फुटांची खोपी उभारली.

शिकार करून हिवाळा काढू, असा त्यांचा हिशेब होता. पण बर्फ थांबेना आणि रानातली हरणे खाली उतरून गेली. जवळच्या दोन रोडक्या गाई मारून तिघांनी घाट चढण्याचे ठरविले. बर्फावर चालण्याचे जोडे त्यांनी गाडीच्या कमानींपासून केले. मात्र चवड्यासह टाचही बांधल्याने प्रत्येक पावलागणिक बर्फाचा भार उचलावा लागे. मोझेसच्या पायांत पेटके आले. मित्रांना पुढे धाडून तो एकटा खोपीत परतला.

तिथे तांड्याचे पुढारी एलिशा स्टीफन्स यांचे पोलादी सापळे पडले होते. मोझेसने ते लावले. पहिल्यांदा कोयोट सापडला. लांडग्याच्या जातीच्या या जनावराचे मांस कसेही शिजविले तरी घशाखाली उतरेना. मग खोकड सापडले, आणि ते त्याला गोड लागले. सरासरी दोन दिवसांना एक खोकड मिळे. कोयोट त्याने अडीअडचणीसाठी टांगून ठेवले. कॉफी जेमतेम एका पेल्यापुरती होती. ती नाताळसाठी राखली. रात्री शेकोटीच्या उजेडात तो डॉक्टरांच्या ग्रंथांतले बायरनचे काव्य आणि चेस्टरफील्डची पत्रे मोठ्याने वाची. निदान स्वतःचा आवाज तरी कानी पडावा!

१८४५ च्या फेब्रुवारीअखेर बहिणीच्या विनंतीवरून डेनिस मार्टिन त्याला शोधीत आला. त्याने जोडे कसे बांधावेत हे शिकविले, आणि मोझेस घाट उतरला.

१८४६ च्या हिवाळ्यात याच सरोवराकाठी डॉनर तांडा अडकला. त्यातले ब्रीन कुटुंब याच खोपीत राहिले. त्या तांड्यातील ८० हून अधिक माणसांपैकी जवळजवळ निम्मी दगावली. म्हणून मोझेस शूर आणि ते भित्रे, असा निवाडा आपण करू नये. दोन दिवसांना एक खोकड एका पोटाला पुरतो. बायकामुलांच्या घराला तो कसा पुरणार? मोझेसजवळ धीर होता, तसेच सापळे होते आणि खाणारे तोंडही एकच होते. इतिहास वाचताना धैर्याला मान द्यावा, पण शिधाही मोजावा.

मोझेस १९०९ पर्यंत जगला. ते सरोवर आज डॉनर यांच्या नावाने ओळखले जाते.