कातळातली हाक

जेरुसलेमला गेलेला प्रवासी पश्चिम भिंतीपुढे उभा राहतोच. मीही राहिलो, पण मन गुंतले ते शहराच्या पोटातल्या एका काळोख्या बोगद्यात. गीहोनच्या झऱ्यापाशी पायऱ्या उतरलो, विजार गुडघ्यांवर सारली आणि विजेरी घेऊन थंडगार पाण्यात पाय टाकला.

इ. स. पूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. हिज्कीया राजाने झऱ्याचे पाणी शहरात वळवले, असे बायबल सांगते. देवदूताने शत्रूचे सैन्य मारले, असेही सांगते. सन्हेरीबाचा लेख म्हणतो, हिज्कीयाला मी पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला! राजेलोकांच्या इतिहासाची ही अशी तऱ्हा.

बोगदा नागमोडी, सुमारे ५३३ मीटर लांब. पाथरवट दोन्ही टोकांकडून खोदत आले. हत्याराचे घाव जिथे उलट दिशेला फिरतात, ती त्यांच्या भेटीची जागा उजेडात दिसली आणि मी थबकलो. १८८० मध्ये एका मुलाला या बोगद्यात कोरीव लेख सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात ना राजाचे नाव, ना विजयाची बढाई. तीन हात कातळ उरला असता पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग घावाला घाव भिडला आणि पाणी वाहू लागले, एवढेच त्यात आहे.

शिलोहाच्या तळ्यापाशी उन्हात आलो. राजांच्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. पाथरवटांची साक्ष मात्र माझ्या पोटऱ्यांवरून अजून निथळत होती.