वूचांगच्या ग्रंथपाल वुडबाई

न्यूयॉर्क राज्यातील बटेव्हिया या लहानशा गावी दहा वर्षे ग्रंथपालाची नोकरी केलेल्या मेरी एलिझाबेथ वुड १८९९ साली यांगत्सेकाठच्या वूचांग शहरी गेल्या त्या केवळ मिशनरी बंधूंच्या भेटीसाठी. परंतु तेथील बून विद्यालयात इंग्रजी शिकविण्याचे काम त्यांनी आपखुशीने पत्करले आणि पुढील सारी हयात त्याच शहराच्या चाकरीत वेचली.

चीनमध्ये ग्रंथांची वाण नव्हती. पंडितांच्या व बादशाही संग्रहांत ते विपुल होते, मात्र सामान्य वाचकास तेथे प्रवेश नव्हता. वुडबाईंनी स्वदेशी जाऊन वर्गणी गोळा केली, ब्रुकलिनच्या प्रॅट संस्थेत ग्रंथालयशास्त्राचे धडे घेतले, आणि १९१० मध्ये विद्यार्थ्यांबरोबर नगरवासीयांनाही खुले असलेले बून ग्रंथालय उभे केले; शिवाय वाचकांची वाट पाहत न बसता पुस्तकांच्या पेट्या इतर संस्थांकडे रवाना केल्या. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले, पण बॉर्डनसाहेबांच्या पाठीशी दरबारचा हुकूम आणि सरकारी तिजोरी होती. बाईंपाशी चिकाटीखेरीज दुसरे भांडवल ते कोणते?

तथापि इमारतीपेक्षा मला थोर वाटते ती त्यांची माणसे घडविण्याची दृष्टी. १९१४ मध्ये शेन त्सू-युंग या तरुणास त्यांनी न्यूयॉर्कला ग्रंथालयशास्त्र शिकण्यास धाडले, मागाहून हू नामक दुसऱ्यास. आणि या दोघांच्या साह्याने १९२० साली चीनमधील पहिली ग्रंथपालनशाळा बून येथे काढली.

पैशाचा प्रश्न उरलाच होता. परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडानंतर १९०१ च्या तहान्वये परकीय सत्तांनी चीनवर ४५ कोटी टेल चांदीचा दंड लादला होता. अमेरिकेने आपल्या हिश्शाचा काही भाग १९०८ मध्ये सोडला, तरी बाकी वसुली चालूच होती. ती रक्कम परत करावी व तिचा काही अंश ग्रंथालयांकडे वळवावा, अशी रदबदली करण्यासाठी साठी उलटलेल्या या बाईंनी वॉशिंग्टनमध्ये सिनेटर व प्रतिनिधी यांचे उंबरठे झिजविले. १९२४ मध्ये काँग्रेसने मंजुरी दिली. तिचे सारे श्रेय एकट्या बाईंना देणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु त्या मागणीत ग्रंथालयांचे नाव आग्रहाने घातले ते त्यांनीच.

१९३१ साली वूचांगलाच त्यांचे देहावसान झाले. शाळेची धुरा शेन यांनी वाहिली. जपानी आक्रमणात ती चुंगकिंगला हलली, युद्धानंतर परतली आणि १९५३ मध्ये वूहान विद्यापीठात विलीन झाली. ग्रंथपालनाचे शिक्षण तेथे आजही दिले जाते.