पडद्याआडचे सेवक

घरांतलीं माणसें उठण्यापूर्वींच अंगणांत सडा पडलेला असावा, विहिरीचें पाणी भरलेलें असावें, आणि हें सारें केव्हां झालें याची कोणाला चाहूलही लागूं नये, अशी सेवा आपल्याकडे उत्तम मानीत. संगणकाच्या इतिहासांत या अदृश्य सेवेला मात्र उशिरानेंच स्थान मिळालें.

प्रारंभीं मान यंत्राचा होता. त्याचा क्षणही फुकट जाऊं नये म्हणून माणसानें छिद्रें पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा स्वाधीन करावा आणि उत्तरासाठीं तासन्‌तास तिष्ठावें, अशी रीत होती. १९६१ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं अनेकांना एकाच वेळीं यंत्र वापरतां येईल अशी व्यवस्था करून दाखविली, आणि हा क्रम उलटला. आतां यंत्रासमोर माणूस बसला. त्याला खोळंबविणें हा अपराध ठरला. मग यंत्राचीं नित्याचीं कामें करावींत कोणीं आणि केव्हां?

तेथेंच १९६३ च्या सुमारास, अशीं कामें पाठीमागें मुकाट्यानें उरकणाऱ्या आज्ञावलींना 'डीमन' हें नांव पडलें. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यानें १८६७ सालीं कल्पिलेल्या, वायूचे कण अथकपणें निवडीत बसणाऱ्या चिमुकल्या जीवावरून तें घेतलें होतें.

पुढें बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तींत 'क्रॉन' आढळतो. ग्रीक 'क्रोनोस' म्हणजे काळ. दर मिनिटास जागें व्हावें, मिनिट, तास, तारीख, महिना व वार यांचे रकाने असलेली यादी पहावी, वेळ भरलेलें काम सुरू करावें आणि पुन्हां निजावें, एवढेंच त्याचें व्रत. त्याच्या जोडीला 'नाइस' ही आज्ञा होती. नांवाप्रमाणेंच तिचा गुण सौजन्याचा. ती ज्या कामास लावावी त्यानें इतरांना आधीं वाट द्यावी.

परंतु अदृश्यतेचें मोलही द्यावें लागतें. गडी आला नाहीं तर कोरडें अंगण तें सांगतें. रात्रीं दप्तराची नक्कल काढणारी आज्ञावली निमूटपणें बंद पडली, तर मूळ दप्तर नष्ट होईपर्यंत कोणास पत्ताही लागत नाहीं. पॉल व्हिक्सी यांची १९८७ सालची, पुढें सर्वत्र पसरलेली क्रॉनची आवृत्ति कामाच्या तोंडून निघालेला शब्द धन्याला टपालानें कळवी, तो याचसाठीं. कामांत व्यत्यय न आणणें हें सेवकाचें सौजन्य खरें. पण चुकल्यास वेळींच सांगणें, हें त्याहून मोठें.