गोदामातली रात्र आणि बाईचा होकार



संध्याकाळी मोबाईलवर मागवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येते. मधल्या रात्रीत कोणीतरी ती गोदामात शोधलेली असते, खोक्यात बांधलेली असते, गाडीत चढवलेली असते. नागपूरच्या आसपास अशी मोठमोठी गोदामं उभी राहिली आहेत. त्यांना दुपारपाळी आणि रात्रपाळीला माणसं लागतात. आपल्या गटांतल्या लेकी-सुना विचारतात, जावं का? घरातून उत्तर येतं, "बाई माणूस रात्री कामाला जाते का?"

या प्रश्नाला इतिहास काय सांगतो, ते आज आपण पाहू.

पहिली गोष्ट, बाई रात्री काम करतच आली आहे. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी जात्यावर बसणारी बाईच होती. भंडाऱ्यात विडीचा धंदा वाढला, तेव्हा पान-तंबाखू घरी आणून, दिवसभराचं रोवणं-निंदणं आटोपल्यावर दिव्याखाली विड्या वळणारीही बाईच होती. त्या रात्रीला कोणी रात्रपाळी म्हटलं नाही, एवढंच.

मग "बाईने रात्री काम करू नये" हा नियम आला कुठून? तो गिरणीतून आला. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली. २४ एप्रिल १८९० ला त्यांनी भरवलेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन बायाही बोलायला उभ्या राहिल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये, सरकारने कारखान्यांचा कायदा सुधारला. बाईला दिवसाला ११ तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये दीड तास विसावा, आणि रात्री काम नाही, असं ठरलं. थकून जाणाऱ्या बायांसाठी हा दिलासाच होता. पण त्यामागे फक्त दया नव्हती. हिंदुस्थानातल्या गिरण्या जास्त तास चालतात आणि स्वस्त कापड काढतात, ही तक्रार इंग्लंडचे कापड गिरणीवाले सतत करत होते.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने हीच बंदी जगासाठी ठरवली आणि भारताने ती स्वीकारली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यानेही सांगितलं, बाईने सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात काम करावं. विडी कारखान्यांसाठीच्या १९६६ च्या कायद्यातही हेच तास होते. पण हा नियम कारखान्याच्या दाराशीच थांबला. घरात रात्री विड्या वळणाऱ्या बाईच्या रात्रीवर त्याने घड्याळ लावलं नाही.

या संरक्षणाची एक किंमतही होती. गिरण्यांत रात्रपाळी वाढली तशी मालकाला दोन्ही पाळ्यांत चालणारा माणूस हवा झाला. त्यातच बाळंतपणाच्या रजेचा पगार देण्याचा कायदा आला. मुंबईत तो १९२९ मध्ये आला. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, तिथे तो १९३० मध्ये आला. मालक म्हणू लागले, बाई महाग पडते. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी दर पाच कामगारांत साधारण एक बाई असायची. पुढच्या काही दशकांत ते प्रमाण फार घसरलं. बाईला जपण्यासाठी केलेला नियम तिलाच बाहेर काढायच्या कामी आला.

आता गोदामाकडे वळू. १९५४ च्या ग्रामीण कर्ज पाहणीने दाखवून दिलं की शेतकऱ्याला सुगीत पडत्या भावाने माल विकावा लागतो, कारण ठेवायला जागा नाही आणि हातात पैसा नाही. म्हणून १९५६ चा कायदा झाला आणि १९५७ मध्ये केंद्राची व राज्याची वखार महामंडळं उभी राहिली. माल ठेवा, पावती घ्या, पावतीवर कर्ज काढा, असा तो विचार. धानाच्या कट्ट्यांची चढ-उतार दिवसा व्हायची. ती हमाल करायचे, आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. सांडलेलं झाडणं, पाखडणं, निवडणं बायांच्या वाट्याला आलं. रात्री गोदामात राहायचा तो चौकीदार. सुरक्षा रक्षकांसाठीही राज्याने १९८१ मध्ये वेगळा कायदा केला.

म्हणजे गोदाम रात्री झोपायचं. आता ते जागं राहतं, आणि कायदाही बदलला आहे. २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कारखान्यातली बाईची रात्रबंदी घटनेतल्या समानतेला धरून नाही, असा निकाल दिला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात गोदामही येतं. हा कायदा लागू असेल तिथे रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत बाईला कामावर ठेवता येतं, पण तिचा होकार हवा, मान आणि सुरक्षितता हवी, छळापासून संरक्षण हवं, आणि घराच्या दारापर्यंत पोचवणारी गाडी हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झालेल्या कामगार संहितेतही संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाआधी काम करायला बाईचा होकार लागतो.

१८९१ च्या कायद्याने बाईला विचारलं नव्हतं. आजचा कायदा विचारतो. पण तो होकार खरा कधी? घरात धान संपलंय, गटाचा हप्ता थकलाय आणि ठेकेदार म्हणतो, "रात्रीला येत असशील तरच काम," तेव्हा निघालेला हो हा होकार नव्हे, ती अडचण आहे.

म्हणून आम्हाला वाटतं, हा प्रश्न एकटीने सोडवू नये, गटात मांडावा. जाणारीने आधी विचारावं: नेमणुकीचं पत्र कोण देणार, कंपनी की ठेकेदार? ठरलेल्या तासांवरच्या कामाचे पैसे दुप्पट मिळणार का? गाडी फाट्यावर सोडणार की दारात? संडास कुठे, उजेड किती? २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती आहे का, आणि तिच्यात कोण आहे? एकीने विचारलं तर ठेकेदार दुसरी शोधतो. एका गावच्या दहाजणींनी विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि एक प्रश्न घरात विचारायचा आहे. रात्रभर उभी राहून सकाळी परतलेली सून चुलीपुढे बसणार असेल, तर ती एक पाळी नाही, दोन पाळ्या करते. तिच्या झोपेचे तास कोण सांभाळणार, हे सासूने, नवऱ्याने आणि पोरांनी मिळून ठरवायला हवं. त्यासाठी कोणता कायदा येणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल.

रात्री जायचं की नाही, हे जिचं तिने ठरवावं. जाणारीला नाव ठेवू नये, न जाणारीला कमी लेखू नये. पण ती हो म्हणेल तेव्हा तिला नाही म्हणायचीही सोय असावी. मैत्रिणींनो, सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चाललेल्या या गोष्टीत आपल्या वाट्याचं काम तेवढंच उरलं आहे, आणि ते मोठं आहे.